रहीमसाहेबांची फुटबॉलची शाळा

सन १९६२ च्या सप्टेंबर महिन्याची चौथी तारीख. जाकार्ता येथील सेनायन क्रीडांगण लाखाच्या घरांतील प्रेक्षकांनीं भरून गेलें होतें. आशियाई क्रीडासामन्यांतील फुटबॉलच्या अंतिम लढतीसाठीं भारताचा संघ मैदानांत उतरला, तेव्हां त्या समुदायांतून धिक्काराचा गजर उठला. इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनीं यजमानांना दोष दिला होता; त्याचा राग आतां अकरा खेळाडूंवर निघत होता. समोर दक्षिण कोरियाचा संघ होता, आणि याच संघानें स्पर्धेच्या आरंभीं भारताला दोन गोलांनीं हरविलें होतें. बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग, त्याच्या डोक्याला टांके पडलेले; गोलरक्षक थंगराज नुकताच आजारांतून उठलेला. आणि ज्या गृहस्थानें हा संघ घडविला होता, त्याच्या शरीरांत कर्करोगानें घर केलें होतें.

भारतानें तो सामना दोन गोलांविरुद्ध एक असा जिंकला. त्यानंतर नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, तो गृहस्थ हैदराबादेंत मरण पावला. त्याचें नांव सय्यद अब्दुल रहीम. आशियाई सामन्यांतील फुटबॉलचें सुवर्णपदक भारताला त्या दिवसानंतर पुन्हां मिळालेलें नाहीं. शाळामास्तराच्या पेशांतून आलेल्या या एका माणसापाशीं असें काय होतें, आणि तें त्याच्यामागें कां टिकलें नाहीं, हा प्रश्न केवळ फुटबॉलच्या शौकिनांपुरता नाहीं. विद्या एका माणसाच्या ठिकाणीं सांठली म्हणजे तिचें काय होतें, हेंच त्यांत पाहावयास मिळतें.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजीं हैदराबादेंत झाला. निजामाच्या राज्याची ती राजधानी. तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा तिच्या रस्त्यांतून कानीं पडत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे १९५६ पर्यंत याच राज्यांत मोडत असत, आणि तेथील कित्येक तरुण उच्च शिक्षणासाठीं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरीत. १९१८ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. देशी भाषेंतून विद्यापीठाचें शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता. रहीम तेथें शिकले, तेथल्याच संघांतून फुटबॉल खेळले आणि बी. ए. झाले. पुढें विद्यापीठाचे आजी व माजी विद्यार्थी मिळून झालेल्या ‘इलेव्हन हंटर्स’ या संघांतून आणि शहरांतील ‘कमर क्लबा’कडूनहि ते खेळत. हैदराबादच्या मैदानांवर एक हुशार, विचारी खेळाडू म्हणून त्यांचें नांव होतें. परंतु त्यांची खरी कीर्ति खेळाडू म्हणून व्हावयाची नव्हती.

तीं कशानें झाली हें समजण्यासाठीं त्या काळचा हिंदी फुटबॉल डोळ्यांसमोर आणला पाहिजे. १९११ सालीं कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटधारी सोजिरांना हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या विजयी अकरांपैकीं दहा जण अनवाणी होते. ही हकीकत देशभर एखाद्या पोवाड्यासारखी सांगितली गेली, आणि तें योग्यच होतें. परंतु तिच्यांतून एक चुकीचा धडाहि घेतला गेला. अनवाणी पाय आणि एकट्याची करामत म्हणजेच आपला फुटबॉल, अशी समजूत दृढ झाली. चेंडू जणूं पायाला बांधलेला आहे असा नाचवीत तिघाचौघांना चकविणारा खेळाडू प्रेक्षकांचा लाडका होई. त्याच वेळीं त्याचे दोन सोबती मोकळ्या जागेंत चेंडूची वाट पाहत उभे आहेत, याकडे कोणाचें लक्ष जात नसे.

रहीम पदवीधर झाल्यावर शाळामास्तर झाले. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा हैदराबादच्या निरनिराळ्या शाळांतून त्यांनीं शिकविलें. पुढें शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेंतील खेळांची जबाबदारीहि त्यांनीं पत्करली. खेळणें थांबल्यावर दुसऱ्यांना शिकवूं लागणारे पुष्कळ असतात. पण आपण स्वतः जसें खेळलों तसें खेळावें, एवढेंच ते बहुधा सांगतात. रहीम यांनीं आधीं वर्गांत शिकविण्याचा धंदा केला होता, आणि त्यामुळें त्यांची दृष्टि निराळी होती. मुलाला जें अक्षर चांगलें येतें तें पुन्हां पुन्हां गिरवून घेण्यांत अर्थ नसतो. जें येत नाहीं तेंच गिरवून घ्यावें लागतें. ही वर्गांतली साधी गोष्ट रहीमसाहेबांनीं मैदानावर आणली.

त्यांनीं मुलांसाठीं अशा स्पर्धा भरविल्या कीं, ज्यांत खेळाडूनें आपल्या दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा. उजव्या पायाचा तरबेज मुलगा तेथें नवशिका ठरे. सुरुवातीस हंशा पिकत असला पाहिजे. परंतु असे कांहीं महिने गेले म्हणजे त्याच मुलाचे दोन्ही पाय सारखे चालूं लागत, आणि तो कोणत्या बाजूस वळेल याचा अंदाज प्रतिपक्ष्याला करतां येत नसे. दुसऱ्या कांहीं स्पर्धांत चेंडू पायाशीं खेळवीत नेण्यालाच बंदी असे. चेंडू आला कीं तो सोबत्याकडे पाठविला पाहिजे. या एका नियमानें खेळाचें स्वरूपच पालटे. चेंडू येण्यापूर्वींच तो कोठें द्यावयाचा हें ठरवावें लागे, म्हणजे मान वर करून सगळें मैदान पाहण्याची संवय लागे. आणि ज्यांच्यापाशीं चेंडू नाहीं त्यांनाहि स्वस्थ उभें राहून चालत नसे. माणूस कितीहि वेगानें धांवला तरी एका फटक्यांत गेलेल्या चेंडूला तो गांठूं शकत नाहीं. रहीमसाहेबांची सगळी विद्या या एका साध्या निरीक्षणावर उभी होती.

१९४३ सालीं ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले, आणि मरेपर्यंत त्या जागेवर राहिले. शाळाशाळांतून मुलें हेरणें, स्पर्धा भरविणें, गुणी मुलाला क्लबांत आणि क्लबांतून राज्याच्या संघांत जागा मिळवून देणें, हा सर्व व्यवहार अशा रीतीनें एकाच माणसाच्या हातीं आला. तुळशीदास बलराम हें याचें बोलकें उदाहरण. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील हा मुलगा अत्यंत गरीब घरांतला. सरावासाठीं हैदराबादेस येण्याजाण्याला त्याच्यापाशीं पैसे नव्हते. भाड्याची सायकल घेऊन ये, असें रहीमसाहेबांनीं त्याला सांगितलें, आणि तिच्या भाड्यासाठीं रोज एक रुपया ते स्वतः त्याच्या हातावर ठेवीत; ही आठवण बलराम म्हातारपणींहि सांगत असत. त्या सायकलवरून आलेला मुलगा पुढें दोन ऑलिंपिक सामन्यांत देशासाठीं खेळला.

१९४८ च्या सप्टेंबरांत पोलिस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. मोठ्या उलथापालथीचे आणि अनेक कुटुंबांना होरपळून काढणारे ते दिवस होते. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं, १९५० सालीं, रहीमसाहेबांनीं हैदराबाद सिटी पोलिस या संघाचें शिक्षण आपल्या हातीं घेतलें, आणि त्याच वर्षीं या संघानें मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांना एक नवा खेळ पाहावयास मिळाला. गर्दींतून चेंडू घेऊन घुसणारा एकहि वीर त्यांत नव्हता. अकरा जणांमध्यें चेंडू सारखा फिरत राही, आणि प्रतिपक्षी त्याच्यामागें धांवून दमत. १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें रोव्हर्स चषक हैदराबादेस गेला. दहा वर्षांच्या खंडानंतर १९५० सालीं दिल्लीस पुन्हां सुरू झालेली ड्युरंड स्पर्धाहि याच संघानें मोहन बागानला नमवून जिंकली. पुढें १९५६-५७ व १९५७-५८ या दोन्ही हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपदाची संतोष ट्रॉफी हैदराबादनें मिळविली, आणि दोन्ही वेळां अंतिम सामन्यांत पराभव झाला तो मुंबईचा.

भारताच्या संघाची धुराहि याच सुमारास रहीमसाहेबांकडे आली. १९५१ च्या मार्चमध्यें दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने झाले. अंतिम सामन्यांत मेवालालच्या एका गोलानें इराणचा पराभव होऊन भारताला सुवर्णपदक मिळालें. त्या आनंदाच्या भरांत दोष पाहण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. पुढच्याच वर्षीं हेल्सिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत युगोस्लाव्हियानें भारताला दहा गोलांविरुद्ध एक असें चिरडलें. थंड हवा, ओलसर मैदान आणि अनवाणी पाय, हीं कारणें सर्वांना दिसलीं. याशिवायहि एक कारण होतें. देशांतले सामने त्या काळीं सत्तर मिनिटांचे असत. परदेशांत नव्वद मिनिटें खेळावें लागे. म्हणजे जी वीस मिनिटें सर्वांत कठीण, त्यांचा सराव आमच्या खेळाडूंना मुळींच नसे. या पराभवानंतर बूट घालणें सक्तीचें झालें.

बूट घालण्याचा नियम एका ठरावानें करतां येतो. परंतु बुटांतून चेंडूचा स्पर्श ओळखावयास शिकणें हें वर्षांचें काम आहे. त्या कामाचें फळ १९५६ च्या डिसेंबरांत मेलबर्न येथें दिसलें. हंगेरीचा संघ न आल्यामुळें भारताला पहिली फेरी न खेळतांच पुढें जातां आलें, आणि दुसऱ्या फेरींत गांठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशीं. भारतानें चार गोलांविरुद्ध दोन असा विजय मिळविला. त्या चारांपैकीं तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या या तरुणानें ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू होण्याचा मान मिळविला. त्याच्या मागें थोडें अंतर राखून कर्णधार समर बॅनर्जी खेळत असे, आणि एका बगलेस प्रदीपकुमार बॅनर्जी होता. पुढें धांवणारे किती व मागें राहून चेंडू पुरविणारे किती, ही वांटणी रहीमसाहेबांनीं युरोपांतील नव्या पद्धतींचा विचार करून ठरविली होती.

उपांत्य सामन्यांत पुन्हां युगोस्लाव्हिया समोर आला. चार वर्षांपूर्वीं ज्यांनीं दहा गोल चढविले, त्यांच्याविरुद्ध या वेळीं पहिला गोल केला तो डिसोझानें. ती आघाडी फार वेळ टिकली नाहीं आणि सामना चार गोलांविरुद्ध एक असा गेला. कांस्यपदकाच्या लढतींतहि बल्गेरियानें भारताला हरविलें. पदक हातीं आलें नाहीं. तथापि ऑलिंपिक फुटबॉलमध्यें पहिल्या चारांत येणारा भारत हा आशियांतील पहिला देश ठरला. १९६० सालीं रोम येथें याहून कठीण परीक्षा झाली. हंगेरीनें भारताला दोन गोलांविरुद्ध एक असें हरविलें, फ्रान्सशीं एकेक गोलाची बरोबरी झाली, आणि पेरूनें तिसरा सामना जिंकला. त्या रोमच्या संघांत रहीमसाहेबांचे चिरंजीव शाहिद हकीम यांचीहि निवड झाली होती. परंतु त्यांना एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. बापाच्या हातीं संघ असतां मुलगा बांकावर बसून राहिला, यावरून त्या शिस्तीची कल्पना येईल. हेच हकीम पुढें आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नांवारूपास आले.

जाकार्ता येथें ही सर्व विद्या पणास लागली. पहिल्या सामन्यांतील पराभवानंतर भारतानें थायलंड व जपान यांना हरविलें. पण थायलंडच्या सामन्यांत जर्नेलसिंगच्या डोक्याला खोल जखम झाली. बचाव करतांना उंच आलेला चेंडू त्यानें वारंवार डोक्यानें अडवावा, हें आतां शक्य नव्हतें. रहीमसाहेबांनीं त्याला संघाबाहेर काढलें नाहीं. त्याला मागून उचलून थेट आघाडीवर नेलें. व्हिएटनामविरुद्ध उपांत्य सामन्यांत त्यानें गोल केला. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्रीं झोंप कोणालाच येत नव्हती. आपणांस उद्यां एकच भेट हवी आहे, सुवर्णपदक, असें रहीमसाहेबांनीं खेळाडूंना सांगितल्याची आठवण त्यांच्यापैकीं कांहीं जण पुढें काढीत. दुसऱ्या दिवशीं पहिल्या वीस मिनिटांच्या आंतच प्रदीपकुमार बॅनर्जी आणि टांके पडलेला जर्नेलसिंग यांनीं दोन गोल केले. कोरियाला शेवटीं शेवटीं एक गोल परत करतां आला, तोंवर वेळ संपत आला होता. त्या प्रतिकूल गर्दींत भारताच्या नांवानें ओरडणारा एक लहानसा गट होता, आणि तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा.

यापुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९६४ सालीं आशिया चषकाच्या स्पर्धेंत भारत दुसरा आला. १९७० सालीं बँकॉक येथील आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळालें. आणि त्यानंतर आशियाई सामन्यांत फुटबॉलचें एकहि पदक मिळालें नाहीं. १९६० च्या रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेंत भारताचा संघ दिसलेला नाहीं. ज्या हैदराबादनें देशाला अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम यांच्यासारखे खेळाडू दिले, त्याच्या राज्यानेंहि १९६५-६६ नंतर संतोष ट्रॉफी पाहिली नाहीं.

हें सर्व एका माणसाच्या मृत्यूमुळें झालें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. आशियांतील इतर देश पुढें गेले, आणि आमच्या संस्थांचे कारभारी जुन्या रीतींना चिकटून राहिले, हीहि कारणें आहेत. परंतु एक तुलना विचार करावयास लावणारी आहे. जाकार्ता येथें ज्या जपानला भारतानें दोन गोलांनीं हरविलें, त्या जपाननें १९६० सालींच देट्मार क्रामर या जर्मन शिक्षकाला बोलावून घेतलें होतें. क्रामर यांनीं खेळाडू तयार केले, आणि त्याबरोबरच शिक्षकहि तयार केले पाहिजेत असा आग्रह धरला. त्यांच्याच सल्ल्यानें १९६५ सालीं तेथें देशव्यापी लीग सुरू झाली. क्रामर मायदेशीं परतले तरी काम थांबलें नाहीं, आणि १९६८ सालीं मेक्सिको ऑलिंपिकमध्यें जपाननें फुटबॉलचें कांस्यपदक मिळविलें. ज्या पदकानें बारा वर्षांपूर्वीं मेलबर्न येथें भारताला हुलकावणी दिली, तेंच तें पदक.

रहीमसाहेबांनीं मुलांची शाळा चालविली. शिक्षकांची शाळा त्यांना कोणी काढून दिली नाहीं. पतियाळा येथें राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली ती १९६१ सालीं, आणि तोंवर त्यांच्या आयुष्याचीं दोनच वर्षें उरलीं होतीं. दुबळ्या पायाच्या स्पर्धा त्यांच्या पाठीमागें कोणीं भरवाव्यात, सायकलच्या भाड्याचा रुपया कोणीं द्यावा, याची व्यवस्था कोठेंच लिहिलेली नव्हती. उत्तम शिक्षकांना गौरविण्यासाठीं सरकारनें द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला, तो १९८५ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनीं. २०२४ सालीं ‘मैदान’ नांवाचा हिंदी चित्रपट निघाला, आणि तेव्हां कोठें घराघरांतील तरुण मंडळींच्या कानांवर हें नांव गेलें.

जाकार्ताचा विजय पडद्यावर पाहून उर भरून येतो, तें स्वाभाविकच आहे. परंतु रहीमसाहेबांचें मोठें काम त्या एका दुपारीं झालें नव्हतें. तें त्याआधीं वीस वर्षें हैदराबादच्या शाळांच्या मैदानांवर रोज चाललें होतें. तेथें एखादा उजव्या पायाचा मुलगा डाव्या पायानें चेंडू मारण्याचा प्रयत्न करी, तो चुके, आणि मास्तर त्याला पुन्हां मारावयास सांगत.